पाणबुडीची कॉलर

माझ्या सुनेला घरात सगळे पाणबुडी म्हणतात. नाव मीच ठेवलंय. धरणाच्या तळाशी उतरून दारांचे नटबोल्ट तपासायचे, हा तिचा धंदा. लोकांच्या सुना कचेरीतून दमून येतात, आमची पाण्याखालून येते, आणि केस पुसायच्या आधी विचारते की खायला काय आहे.

तिच्याकडे एक ड्रायसूट आहे. पायापासून गळ्यापर्यंत अंग कोरडं ठेवणारा पोशाख. त्याची सगळी भिस्त गळ्याशी आणि मनगटांशी असलेल्या पातळ रबरावर. त्याला ती सील म्हणते. मी तीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात कॉलरी बसवल्या, तेव्हा मी गळ्याच्या सीलला कॉलर म्हणते आणि मनगटांच्या सीलना कफ. तिला ते आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणते.

त्या आठवड्यात तिची परीक्षा होती. विमानानं लांब जायचं, बर्फासारख्या पाण्यात चाळीस मिनिटं काम करून दाखवायचं, आणि पास झाली तर तुकडीची प्रमुख. तिच्या कंपनीत आजवर एकही बाई प्रमुख झालेली नाही. एखादा हात भिजला तर चालतं म्हणे, पण गळ्यातून पाणी शिरलं की परीक्षा तिथेच संपली, पुढची संधी वर्षानं. गळा खोल पाण्यात फाटला तर परीक्षेचं सोडाच, गार पाणी थेट छातीवर येतं. हे सगळं तिनं मला भाजी चिरता चिरता सांगितलं आणि वर म्हणाली, तुम्ही काळजी करू नका.

गुरुवारी दुपारचं विमान होतं. बुधवारी सकाळी तिनं पलंगावर पसारा मांडला. स्वतःच्या लग्नाला निघतानाही तिनं एवढी तयारी केली नव्हती, मी तेव्हा तिथे होते. सूटची चेन उघडी ठेवायची, तिला मेण लावायचं, हवेच्या झडपा मोकळ्या सोडायच्या, आणि घडी न घालता सैल गुंडाळी करायची. मोठ्या बॅगा विमानतळावर कशाही आपटतात, तेव्हा सूट विमानात स्वतःजवळच ठेवायचा. जादा सीलं, गळ्याचं वेगळं आणि मनगटांची वेगळी, चपट्या डब्यांत, त्यांवर बिनवासाची पावडर. स्वतःच्या कपड्यांसाठी तिनं एक पिशवी ठेवली होती, आणि तीही अर्धी रिकामी होती.

गोंदाची डबी मात्र तिनं बाजूला काढली. तो गोंद चटकन पेट घेतो, विमानात नेऊ देत नाहीत. शिवाय तो नीट धरायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. म्हणजे तिकडे काही फाटलं तर टेपवर निभवायचं.

बॅगेच्या झाकणाला आतून तिनं एक यादी चिकटवली होती. ती मोठ्यानं वाचत एकेक वस्तू तपासत होती आणि मी समोर बसून तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होते.

"सीलचे शत्रू," ती वाचत होती. "नखं, ऊन, अत्तर, तेल."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

त्याचं असं झालं होतं की, मंगळवारी दुपारी सूट गॅलरीत सावलीला टांगलेला होता आणि त्याची कॉलर मला पांढरीफटक दिसली. ती पावडर होती, पण मला वाटलं, रबर वाळलंय. आणि वाळलेलं, करकरणारं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. घरातल्या बिजागऱ्या, कात्र्या, मुलाची सायकल, माझ्या तेलातून काही सुटलेलं नाही. शिलाई मशीनचं तेल घेतलं, दोन थेंब, बोटानं गोल फिरवलं आणि फडक्यानं पुसून टाकलं. कारखान्यात कापडावर तेलाचा डाग पडला तर पगार कापत, म्हणून पुसण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. तिला डागसुद्धा दिसला नव्हता.

खोटं कशाला सांगू, आधी गप्प बसावं असंच वाटलं. रबर आहे, विमानात बिघडलं असेल, असं ती म्हणाली असती. सासूनं सुनेपुढे मान खाली घालायची, तीही कॉलरीपायी, हे माझ्या जिवावर आलं होतं. पण गोंदाला एक दिवस लागतो, हे तिनं आत्ताच सांगितलं होतं. संध्याकाळी माझी बुद्धी ठिकाणावर आली असती तर तिचा काही उपयोग नव्हता.

"मी कॉलरला तेल लावलंय," मी म्हणाले. "मशीनचं. काल."

ती ओरडली असती तर मलाही चार शब्द बोलता आले असते. तिनं फक्त दोन बोटांनी सील दाबून पाहिलं. ते चिकट झालं होतं आणि कडेला लाटा आल्या होत्या. मग तिनं पेन घेतलं आणि माझ्या डोळ्यांदेखत यादीत तेलाच्या पुढे लिहिलं, 'आई'. मला राग आला. चूक माझी होती, म्हणून जास्तच आला.

गळ्याचं जादा सील एकच होतं. जुनं सोलून काढलं, सूटच्या गळ्यात स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं घालून तो ताणला, कड स्पिरिटनं पुसली. दोन्हीकडे गोंद लावून झाला आणि तिनं एका टोकापासून नवं रबर चिकटवायला घेतलं. मला राहवलं नाही. एका टोकानं सुरुवात केली की शेवटी सुरकुती उरते, हे कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी तिला थांबवलं, रबरावर आणि सूटवर चार चार खुणा केल्या, पुढची, मागची, दोन खांद्यांच्या. आधी खुणा जुळवायच्या, मग मधलं भरत जायचं. ती निमूट बाजूला झाली आणि मी तिला पावडरचा डबा धरायला लावलं. माझ्या हाताखाली पंचवीस मुली शिकल्या, पण एवढं ऐकणारी ही पहिलीच.

गुरुवारी सकाळी नऊला पातेलं काढलं. कड पक्की बसली होती. तिनं सूट चढवला, आणि कॉलर इतकी आवळली की तिचा आवाज बदकासारखा येऊ लागला. मला हसू आलं, तिला आलं नाही. नवं सील गळ्याच्या मापानं कातरावं लागतं. आणि कातरताना बारीकशी जरी खाच राहिली, तरी ते तिथूनच फाटत जातं.

तिनं सूट उतरवला आणि कात्री माझ्यापुढे धरली.

"तुम्ही कापा."

"आणि चुकलं तर?"

"माझा हात थरथरतोय, आई. तुमचा नाही."

पातेल्यावर रबर पुन्हा ताणून घेतलं. मी कात्री साबणानं दोनदा धुतली, तेलाचा वासही राहू नये म्हणून. मग एकदा लावली ती पूर्ण गोल फिरून येईपर्यंत उचलली नाही. बोटभर रुंदीचं कडं पातेल्यावरून खाली पडलं. तिनं कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि सूट गुंडाळायला घेतला. जाताना पाया पडली नाही की गळ्यात पडली नाही. गळ्याच्या जादा सीलचा रिकामा डबा मात्र घरीच ठेवून गेली.

शनिवारी दुपारपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. मुलगा म्हणाला, आई, बस जरा. मी बसले नाही. फोन आला तेव्हा मी तिसऱ्यांदा ओटा पुसत होते.

"गळा कोरडा आहे," ती म्हणाली.

"आणि?"

"सूट चढवताना डावा कफ फाटला. टेप गुंडाळून उतरले, कोपरापर्यंत हात भिजला. पण चाळीस मिनिटं काढली. तुकडी माझी."

ती कफ म्हणाली, सील नाही. तो कफ कंपनीच्या माणसानं बसवला होता ना, एवढंच मी विचारलं. ती हसायला लागली आणि मग मला रडू आलं.

घरी आल्यावर बॅग तिनं मलाच उघडायला लावली. झाकणावरची यादी तीच होती. शत्रूंमधलं 'आई' एका रेघेनं खोडलेलं होतं. खाली दुरुस्तीच्या सामानात लिहिलं होतं: टेप, पावडर, मनगटाची दोन सीलं, आई.

डोळे भरून आले, म्हणून मी तिला म्हणाले, अक्षर फार वाईट आहे तुझं.