मास्तरांचा कोट परदेशी जातो

मी एक जुनी कापडी पिशवी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण दारामागच्या खिळ्याला लटकत असेल. आम्हाला नाव नसते. "ती दे गं" म्हटले की आम्ही हजर.

माझा जन्म एका शिंप्याच्या, म्हणजे आमच्या मास्तरांच्या, दुकानात झाला. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग असे. त्यातले जाड तुकडे निवडून मास्तरांच्या बायकोने मला शिवले. ती दुकानात काज-बटण करी आणि गल्लीतले सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणते. मास्तरांनी माझ्यात लोखंडी इस्त्री घातली, मला खिळ्याला टांगले, थोडा वेळ बघितले आणि म्हणाले, "बरी आहे." मास्तरांच्या तोंडून 'बरी' ऐकायला लोकांची निम्मी हयात जायची. मी तर त्या दिवशी हवेतच होते.

पुढे कितीतरी वर्षे मी तयार कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवले. नवरदेवांचे कोट माझ्यातून गेले, नोकरीच्या पहिल्या दिवसाचे शर्ट गेले. मला दारात पाहिले की घरातली माणसे उठून उभी राहत. इतका मान पुढे मला कुणी दिला नाही.

मास्तरांना एकच मुलगा. हुशार होता, कॉलेजात गेला. एकदा दुकानाच्या पायरीशी उभा राहून तो मित्रांना म्हणाला, "बाबांचा कपड्यांचा व्यवसाय आहे." आत मशीन थांबले. मास्तर बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "व्यवसाय कसला? बाप शिंपी आहे, हे सांगताना जीभ झडते का तुझी?" मुलाचा चेहरा पांढरा पडला. चुकले दोघांचेही, पण माघार कुणी घ्यायची? बाप तसा बेटा. शिकून मुलगा परदेशी गेला, तिथेच लग्न करून राहिला. फोन आला की तो म्हणे, "आई, बाबांना सांग." आणि मास्तर म्हणत, "त्याला सांग." मधल्या मध्ये मावशीचा टपाल खात्यातला शिपाई झाला होता.

मग मास्तरांचे गुडघे गेले, नजर अधू झाली. मुलाने मावशीला सांगितले, "दोघं कायमचे इकडे या." दुकान आवरले. मास्तर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांनी जपून ठेवलेले उंची कापड काढले आणि मुलासाठी कोट बेतला. मावशीने फोनवर इकडचे तिकडचे बोलत माप काढून घेतले होते.

"तोंडानं मला जमायचं नाही," मास्तर तिला म्हणाले. "हातानं जमतं तेवढं करतो."

तो कोट म्हणजे मास्तरांनी मागितलेली माफी होती. मावशीला ते कळले होते आणि मलाही. मुलाने तो एकदा अंगात घातला असता, तर मधली सगळी वर्षे पुसली गेली असती. दोघे म्हातारे एवढ्याच आशेवर निघाले होते.

आता एक गोष्ट ऐका. परगावचे कपडे पाठवताना मास्तर गठ्ठा जाड कापडात घालून चारी बाजूंनी शिवून टाकत. परक्याच्या हाती माल उघडा द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. तोच नियम त्यांनी परदेशी जाणाऱ्या बॅगेला लावला. कोटाची घडी मोडू नये म्हणून तो सगळ्यांत वर ठेवला, आणि त्या मऊ बॅगेला वरून जाड कापडाची खोळ चढवून ती दुहेरी दोऱ्याने शिवून बंद केली. कात्री बॅगेतच राहिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरे काय! मावशी म्हणाली, "अहो, कुणी उघडायला सांगितलं तर?" मास्तर म्हणाले, "आपली बॅग. कोण कशाला सांगेल?"

बॅग विमानाच्या पोटात गेली. मी मावशीच्या मांडीवर होते. माझ्यात औषधे, चष्मे आणि मावशीची शाल होती.

प्रवास म्हणजे नुसती परीक्षा होती. मास्तरांचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकत. ते मिनिटामिनिटाला पाय बदलत, आणि पुढचा माणूस वळून बघे. मावशीच्या पायांना इतकी सूज आली की चपला घालता येईनात. तिने पाणी पिणेच सोडले, कारण त्या एवढ्याशा संडासाचे दार आतून उघडायचे कसे, हे तिला समजत नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. मास्तर बेल्टची शिलाई बोटाने चाचपून म्हणाले, "टाके चांगले आहेत. मरणार नाही आपण." मावशी हसली. साऱ्या प्रवासातले तिचे तेवढेच हसणे मी पाहिले.

वाटेत विमान बदलायचे होते. तिथे दोघे चुकीच्या रांगेत उभे राहिले. कळल्यावर धावले. गुडघे धरून धावणारा नवरा आणि चपला हातात घेतलेली बायको, असे ते ध्यान होते. लोक बाजूला होत होते, मदत कुणी करत नव्हते. दुसऱ्या विमानात बसल्यावर मास्तरांनी आधी गुडघे चोळले. मग हळूच म्हणाले, "अगं, कोट चुरगळला नसेल ना?"

उतरलो तेव्हा उन्हे चांगली वर आली होती. मावशीच्या डोक्यात घण पडत होते. सामानाच्या पट्ट्यावर इतरांच्या गुळगुळीत बॅगा आल्या आणि त्यांच्यामागून आमची आली, खोळ घातलेल्या गादीसारखी. लोक कौतुकाने बघत नव्हते, एवढे मला समजले.

दाराशी गणवेशातल्या माणसाने आम्हाला बाजूला घेतले. बॅग टेबलावर ठेवली. उघडा, असा हात केला. मास्तर आपल्या भाषेत सांगू लागले, "साहेब, कात्री आत आहे." दोन बोटे कात्रीसारखी हलवून दाखवली. त्या माणसाने दुसऱ्याला बोलावले, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसऱ्याने खिशातून सुरी काढली आणि शिवणीवर नाही, थेट कापडाच्या मधोमध टेकवली.

मित्रांनो, शिंप्यासमोर असे करू नये. मास्तरांना राहवले नाही. "अहो, थांबा, मी टाके उसवून देतो," म्हणत त्यांनी सुरीसाठी हात पुढे केला.

एकदम ओरडाआरडा झाला. दोघांनी मास्तरांना मागून धरले, एकाने त्यांचा हात पाठीशी पिरगाळला. मावशी मध्ये पडली, मी तिच्या खांद्यावरून निसटले, औषधे फरशीवर सांडली. त्या ओढाताणीत टेबलाला धक्का लागला आणि सुरी खोळ, बॅग आणि कोट असे तिन्ही फाडत खाली आली. कोटाच्या छातीवर डाव्या बाजूला वीतभर चीर पडली.

मास्तरांना एका खोलीत नेऊन बसवले. मावशी दाराबाहेर फरशीवरच बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हात जोडून सांगत होती, "ते शिंपी आहेत हो, शिंपी आहेत." तिथे कुणाला ते समजणार? दुभाषी मिळेपर्यंत दुपार कलली. मग सगळे कळले, कुणीतरी खांदे उडवले आणि आम्हाला सोडले. मास्तर कोट हातावर घेऊन बाहेर आले. त्यांच्या दंडावर बोटांचे वळ उठले होते.

मुलगा सकाळपासून बाहेर ताटकळत होता. काळजीने अर्धा झाला असेल बिचारा, पण काळजी त्याच्या तोंडून रागाचे कपडे घालून बाहेर पडली.

"आई, पिठाच्या पोत्यासारखी बॅग शिवून कुणी आणतं का? मला चारचौघांत विचारलं, हे तुमचे कोण लागतात म्हणून, आणि आत काही सोडलं नाही. मान वर करता येईना मला."

मावशी म्हणाली, "अरे, तुझ्यासाठी आणलेला कोट फाडला त्यांनी..."

"कोट इथे मिळत नाहीत का?"

मास्तरांनी कोटाची घडी घातली, चीर आत लपवली आणि तो माझ्यात ठेवला. मुलाने गाडीतून आम्हाला घरी नेले.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा आणि सून कामावर गेले की मास्तर खिडकीशी बसत. कोटाच्या आतल्या शिवणीत दाबलेल्या कापडातून मावशी एकेक धागा काढी, सुईत ओवून देई, आणि मास्तर रफू करत. धाग्यात धागा, उभ्यात उभा, आडव्यात आडवा. डोळ्यांतून पाणी गळे. मावशी पदराने ते टिपे आणि म्हणे, "पुरे करा आता." ते म्हणत, "डाग ठेवून देऊ का पोराला?" संध्याकाळी दाराचा आवाज आला की कोट माझ्यात जाई. असे कितीतरी दिवस चालले. मी जन्मापासून मास्तरांचे काम पाहत आले, पण हात असा चाललेला कधी पाहिला नव्हता. शेवटी चीर कुठे होती, ते मलाही सांगता येईना.

सुटीच्या सकाळी मावशीने कोट मुलापुढे धरला. "बाबांनी दिलाय. घालून बघ ना."

मुलाने तो खिडकीशी नेला. छातीवरून हात फिरवला, उजेडात धरला, पुन्हा हात फिरवला. मास्तर मान खाली घालून बसले होते.

"हा तर चांगला आहे की," मुलगा म्हणाला. "कुठे फाटलाय? काही झालंच नव्हतं. उगाच केवढा तमाशा केलात त्या दिवशी."

मावशीने तोंड उघडले. मास्तरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"हो," ते म्हणाले. परदेशी आल्यावर ते मुलाशी थेट बोललेले हे पहिलेच वाक्य होते. "तसंच असेल. मला मेल्याला हल्ली दिसत नाही नीट."

मुलाने कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. "इथे असे कोट कुणी घालत नाही, बाबा. पण राहू दे." आणि तो गाडी धुवायला खाली गेला.

मावशीने कोट माझ्यात भरला आणि आम्हाला कपाटाच्या वर ठेवून दिले. मास्तरांनी त्यानंतर सुई हातात धरलेली नाही. त्या रफूने नजर आणखी अधू झाली आहे; आता ते दिवसभर खिडकीशी बसतात. फोन मधे नसला तरी मुलगा अजून म्हणतो, "आई, बाबांना सांग." दोघे एकाच खोलीत असतात.

मित्रांनो, माझे ऐकाल का? तुमच्या घरी कुणाचे डोळे अधू झाले असतील, तर ते कशापायी झाले, एवढे तरी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारा. मास्तरांना कुणी विचारले नाही. विचारले असते, तरी त्यांनी सांगितले नसते म्हणा. पण मावशी दाराआड उभी असते, तिने सांगितले असते.