नाही म्हणायची तालीम

धरमतरच्या खाडीकाठच्या एका शाळेत नम्रता शिकवायची. पोरं तिच्या नुसत्या नजरेनं गप्प बसत. पण मोठ्या माणसांपुढे तिचा आवाज घशातच राही. पालक असोत, केंद्रप्रमुख असोत की गावातले पुढारी, कोणी काही मागितलं की ती "हो हो, करू या" म्हणून मोकळी होई आणि मग ते निभवायचं कसं, याचा घोर लावून घेई. त्यात मुख्याध्यापक दिवाळीनंतर निवृत्त होणार होते आणि पुढचा नंबर तिचाच होता.

अशा होऊ घातलेल्या मुख्याध्यापकांसाठी एक ऑनलाइन प्रशिक्षण सुरू झालं. पेणपासून रोह्यापर्यंतचे शिक्षक त्यात होते. ॲपमध्ये एक खोटी शाळा होती. तिचं छप्पर गळे, शिक्षक रजेवर जात, खिचडीचे तांदूळ वेळेवर येत नसत. आधी काय कराल ते निवडायचं. नम्रताला तिथे छान गुण मिळत. बटण दाबायला कोणाची भीड पडते? खरी पंचाईत व्हायची शनिवारी संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर. तिथे एकानं मुख्याध्यापक व्हायचं, दुसऱ्यानं पालक. सगळं रेकॉर्ड होई आणि मग सगळे मिळून ते बघत.

तिच्या जोडीला रोह्याचे जुहेब सर होते. धाटावच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या कामगारांची मुलं त्यांच्या शाळेत. रात्रपाळी करून थेट भांडायला आलेले पालक त्यांनी बरेच पाहिले होते, आणि त्यांना नाटकाचीही हौस होती. पहिल्याच शनिवारी त्यांनी टेबलावर हात आपटला.

"बाई, माझ्या पोराला मारलं कोणी? तुमची शाळा हाय का तुरुंग? आत्ताच्या आत्ता उत्तर पाहिजे मला."

"हो हो, बघते... सॉरी हां," नम्रता म्हणाली.

आतल्या खोलीत तिची सासू चंद्रावती कोलंबी सोलत होती. सुनेवर कोणी बाप्या ओरडतोय हे ऐकून ती तशीच उठली आणि सुनेच्या खांद्यावरून पडद्यात डोकावली.

"कोन रं तू? मास्तरणीशी असं बोलतात? आणि तू गो, तू का म्हून ऐकून घेतेस?"

जुहेब सर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "माफ करा, चाची. मी खोटाखोटा ओरडत होतो."

पडद्यावरच्या चौकटी हसून हलायला लागल्या. प्रशिक्षण देणाऱ्या मनाली मॅडमनी हसू आवरलं. मग त्या म्हणाल्या, "मावशी, पुढच्या शनिवारी तुम्हीच पालक व्हाल का?"

चंद्रावती पुढच्या शनिवारी ठेवणीतलं लुगडं नेसून बसली. तिला सांगितलं होतं, कामाच्या हंगामात नातवाला मिठागरावर न्यायचंय, पण त्याची हजेरी मांडत जा, असा हट्ट धरायचा. तिनं तो असा धरला, की नम्रता दोन वाक्यांत "बरं आई, बघू काहीतरी" म्हणाली.

रेकॉर्डिंग लागलं. नम्रता स्वतःकडे बघत राहिली. मान खाली, ओढणीच्या टोकाशी चाळा, आणि समोरचीचं बोलणं पुरं व्हायच्या आतच मान डोलावणारी ती बाई. तिला कसंसंच झालं.

"तुम्ही समजूतदार आहात," मनाली मॅडम म्हणाल्या. "पण त्या मुलाचा अभ्यास बुडाला, आणि ते तुम्हाला बोलताच आलं नाही. पुन्हा करू या?"

पुन्हा केलं. या वेळी नम्रतानं सासूचं सगळं ऐकून घेतलं आणि मग वर बघून म्हणाली, "खोटी हजेरी मी मांडणार नाही. मिठागराजवळच्या शाळेत त्याला तेवढे दिवस बसवायची सोय करते. तिकडच्या बाईंशी मी बोलते."

"म्हंजे माझं ऐकणार नाय?"

"हे नाही ऐकणार."

जुहेब सरांनी रोह्याहून टाळ्या वाजवल्या.

कॉल संपल्यावर चंद्रावतीनं विचारलं, "खरंच मला बोललीस का गो?"

"थोडं खरंच," नम्रता म्हणाली, आणि दोघींना हसू आलं.

दिवाळीनंतर नम्रता मुख्याध्यापक झाली. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर चंद्रावतीचा भाचा हिरामण घरी आला. गावच्या क्रिकेट स्पर्धेसाठी त्याला शाळेचं मैदान हवं होतं, नेमकं परीक्षेच्याच आठवड्यात. नम्रता शाळेत होती. चंद्रावतीनं परस्पर शब्द देऊन टाकला.

जेवताना तिनं सांगितलं, "हिरामणला मैदान दे. मी व्हय म्हटलंय."

इथे पडदा नव्हता, पुन्हा करून बघायची सोयही नव्हती. नम्रतानं हातातला घास ताटात ठेवला.

"आई, लाउडस्पीकर लागल्यावर पोरं पेपर कसे लिहितील? परीक्षा संपेपर्यंत मैदान देता येणार नाही."

"मी शब्द दिलाय. घरातल्या माणसाची काही इज्जत?"

"आहे ना. म्हणून हिरामणभाऊंना मी स्वतः सांगते. तुमच्यावर येऊ देणार नाही."

चंद्रावती ताट घेऊन उठली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती सुनेशी बोलली नाही. नम्रताला शाळेत चैन पडेना, पण तिनं बोललेलं मागे घेतलं नाही. संध्याकाळी ती हिरामण आणि त्याच्या क्रिकेट क्लबच्या मुलांकडे जायला निघाली. चंद्रावतीनं चपला घातल्या आणि तीही बरोबर चालू लागली.

मुलं कुरकुरली. "वहिनी, संघांना फोन झालेत," हिरामण म्हणाला.

"मग आणखी एकदा करा. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवसापासून मैदान तुमचं. शाळेच्या समितीशी बोलून आलेय मी. पण सकाळी आधी शाळेच्या मुलींचा सामना लावायचा, आणि पंच तुम्ही व्हायचं."

हिरामणनं आत्याकडे बघितलं. "आत्या, तू तर व्हय म्हणाली होतीस."

"मी घरात व्हय म्हटलं. शाळा तिची हाय," चंद्रावती म्हणाली. "आता परत फोन करायला लाग."

परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीच्या मुली मैदानात उतरल्या. हिरामणनं टोपी घालून पंचगिरी केली, आणि त्यानं बाद दिलेली मुलगी जागची हलेना. भरल्या मैदानात ती त्याच्याशी वाद घालत राहिली. चंद्रावती दोरीपलीकडून तिचीच बाजू घेत होती. नम्रता मात्र मध्ये पडली नाही. तिनं खुर्ची सावलीत ओढली आणि बाकीच्यांसारखीच गंमत बघत बसली.