हिरवं भूत आणि पितळी वाडगं

"हुंगा, बाळांनो! पळालं की नाही हिरवं भूत?"

आन्सगार महाराजांनी बरणी फिरवली आणि कायदेशीर गांजा-मंडळाचं सभागृह "वाऽ!" म्हणालं. महिन्यापूर्वी ओल्या गवतासारख्या वासाच्या, घसा खरवडणाऱ्या कळ्या आता मधासारख्या दरवळत होत्या. महाराज रोज झाकण उघडत, वाडगं वाजवून नाद आत सोडत आणि झाकण लावत. दक्षिणा फक्त निम्मं पीक!

इर्मेलाबाईंच्या कुंड्या तीनच. त्यांना हिवाळ्यात झोप लागायची ती याच गांजावर; निम्मं दिलं, तर झोप गेली. तरी त्या पिकाची पिशवी घेऊन उठल्या.

मागच्या रांगेत रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर हार्टविग घामाघूम झाले होते. महाराजांच्या बरणीतल्या कळ्या ज्या झाडाच्या, त्याच झाडाच्या कळ्यांची दुसरी बरणी त्यांच्या मांडीवर होती. आपलं नाकच म्हातारं झालं असेल का? शेवटी ते उठले.

"माझ्या कळ्यांनाही तोच वास येतोय... कदाचित. मी वाडगं वाजवलं नाही."

"मास्तरांचं 'कदाचित' आलं!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"महाराजांचे डोळे बांधा," इर्मेलाबाई म्हणाल्या. "ओळखू देत आपला नाद!"

महाराजांनी दोन्ही बरण्या हुंगल्या आणि एक छातीशी धरली. "ही माझी! नाद अजून घुमतोय."

ती हार्टविगांची होती.

"मग तुम्ही केलंत तरी काय, मास्तर?" कोणीतरी विचारलं.

"काही नाही हो. सकाळी घर हवेशीर करायला सगळेच खिडक्या उघडतो ना? त्याच हातासरशी बरणीही उघडायचो."

इर्मेलाबाई थबकल्या. "मी एकदा बंद झाकणावरच वाडगं वाजवत राहिले. बुरशी आली. महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडली!"

"श्रद्धा नाही, हवा कमी पडली." हार्टविगांचा आवाज आता स्थिर होता. "कळी सावकाश वाळली, की तिच्यातलं हरितद्रव्य हळूहळू मोडतं, गवताचा वास जातो. हीटरवर घाईनं वाळवली, तर ते काम अर्धवट राहतं, हिरवेपणा आतच अडकतो. बरणीत उरलेली ओल सगळीकडे सारखी पसरते आणि झाकण उघडलं की जास्तीची बाहेर पडते. भूत वगैरे नाही."

"कदाचित?" इर्मेलाबाईंनी डोळे मिचकावले.

"नाही. नक्की."

इर्मेलाबाईंनी पिशवी काखेत मारली. "महाराज, वाडगं छान वाजतं हं! त्यात सूप प्या."

वाडगं खुशाल ऐकावं. पण पीक कुणाच्या हातावर ठेवण्याआधी एक बरणी वाडग्याविना ठेवून पाहावी. एवढी शंका घेतल्यानं कुठलाही खरा देव रागावत नाही.