मनगटाला बांधलेलं शिंगरू

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी केरू, वय बहात्तर, गेल्या आठवड्यात एका उधळलेल्या घोड्यामागून खाडीच्या बांधावर हवेत तरंगत गेलो आणि त्याच घोड्याला तासाभरात गरीब शेळीसारखा मागे मागे चालवत घरी आणला. काल हे ओटीवर सांगायला बसलो तेव्हा ऐकायला शेजारचा दाजी होता, आणि माझी वहिनी विमलबाई वाल सोलत बसली होती.

घोडा वहिनीच्या मुलाचा, आदर्शचा. कोलाडहून टेम्पोत घालून आणलेलं दोन वर्षांचं शिंगरू, नाव फटाका. पेणच्या वरातींत न्यायचं तर आधी त्यानं दोरी धरल्यावर शांत चालायला हवं. हा चालेचना. उड्या मारायचा, खांद्यानं ढकलायचा, माणसाच्या पायावर पाय देऊन पुढे पळायचा. आदर्श शिफ्टला जाताना मला बजावून गेला, "काका, दोरी हाताला गुंडालू नका. तो बैल नाय."

"मग तू काय केलंस?" दाजीनं विचारलं.

"गुंडालली. चालीस वरसं बैल शिकवलं मी. हा पोरगा मला सांगतो!"

कासरा मनगटाला दोन वेढे आणि वर गाठ, ही आमची रीत. जागाही बैल शिकवायचीच निवडली, जिते गावाच्या पुढे, खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला खारीचा बांध. रुंदी चार हात, डावीकडे खाडी, उजवीकडे चिखल. आडवा जाईल कुठं?

"पण त्या दिवशी पुनवेचं उधाण नव्हतं का रं?"

"व्हतं ना. तेच इसारलो."

मध्यावर पोचेपर्यंत ठीक होतं. मग तिवरांतून एक बगळा फडफडत उठला आणि फटाका सुटला. बैल वेसणीला थांबतो. याच्या नाकात कुठली वेसण! माझ्या चपला देवळाबाहेर ठेवाव्यात तशा बांधावर जोडीनं राहिल्या आणि मी वर. एका चिंबोरीनं लुंगी पकडली, तीही पन्नास पावलं सोबत उडाली.

"चिंबोरी भाजून खाल्लीस का?" दाजी म्हणाला.

"थांब रं. पुढचं ऐक. पुढं मला हसू नव्हतं."

पुढे बांधाला खांड पडली होती. भरतीचं पाणी त्यातून घों घों करत शेतात घुसत होतं. फटाका काठावर गचकन थांबला आणि मी त्याच्या पायाशी आपटलो. गाठ सोडू गेलो तर नायलॉनची दोरी कातडीत रुतलेली. बोटं काळीनिळी. दातांनी ओढली, दात हलला, गाठ हलली नाही. मला पोहता येत नाही, दाजी. घोड्यानं पाण्यात उडी टाकली असती तर मी दोरीसकट गेलो असतो.

त्याच्या डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. अंग थरथरत होतं. मी दोरी खेचली की तो मान वर फेकायचा, पुढचे पाय उचलायचा, आणि पुन्हा खेचली की आणखी वर. त्याच्या मागच्या खुरांखालची माती ढासळून पाण्यात पडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्या घोट्याशी पाणी लागलं. मी आईचं नाव घेतलं, मग बापाचं, मग पेणच्या झाडून सगळ्या गणपतींचं.

शेवटी हातातला जोर संपला. हात खाली पडला, दोरी सैल झाली. आणि दाजी, शप्पत सांगतो, त्यानं मान खाली घातली!

म्हणजे त्याला माझ्यासारखीच भीती वाटत होती. दोरी ताणली की त्याची भीती वाढायची. मी हळूच त्याला वळवला. त्याच्याकडे पाठ करून एक पाऊल टाकलं. तो धडपडून पुढे आला, मी जागीच उभा. तो थांबला, मी चाललो. पुन्हा घाई केली, पुन्हा मी उभा. मागे बांध तुटत होता आणि पळावंसं मलाच वाटत होतं, पण पळालो असतो तर तोही पळाला असता. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं...

"गल्याला?"

"गल्याला! नाकाला! फटाक्यानं माझ्या खांद्यावर हनवटी ठेवली, दोरीला झोल पडलेला, आणि मी एकेक पाऊल..."

"भावजी, खोटं!" वहिनीनं वालाचं ताट खाली आपटलं. "दोरी सैल झाली ती मी विल्यानं कापली म्हनून! गवत टाकून धावत आलेली मी. तुमी डोलं मिटून चिखलात पडलेलं, 'वयनी, मला सोडव' करून रडत व्हतात. घोडा मी आनला, एकेक पाऊल, मी! आनि तुमी त्याची शेपूट धरून मागनं आलात!"