दोन विद्यापीठांची तपासणी

माझा धंदा पेस्ट कंट्रोलचा. लोकांच्या घरातली झुरळं आणि ढेकूण मारून मी लेकीला लहानाची मोठी केली. शाळा संपताच ती म्हणाली, जीवशास्त्रात पदवी घ्यायचीय. त्यातही किडे. मी म्हटलं, "घे की. घरचाच विषय आहे."

"बाबा, मला ते जिवंत हवेत."

विद्यापीठं दोन होती. एक इतकं जवळ की पोरगी जेवायला घरी येईल. दुसरं आगगाडीने अख्खा दिवस लांब. पोर एकुलती एक, ती लांब जायला मला नको होती. बायको म्हणाली, "दोन्ही तुम्हीच बघून या. तुम्ही नापास केलेल्या खोलीत माझी मुलगी राहणार नाही." माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

लेकीला घेऊन आधी जवळचं विद्यापीठ बघितलं. चकाचक. प्रयोगशाळेत सिंकखालीसुद्धा मुंगी नाही. किडे होते, पण टाचणीला टोचलेले, काचेखाली. मी पैकीच्या पैकी मार्क दिले. परतताना लेक एक शब्द बोलली नाही, म्हणून दोघांचंही मीच बोललो.

लांबच्या विद्यापीठात भिंतींचे पोपडे निघालेले आणि काचेच्या मोठ्या पेटीत झुरळं. पाळलेली. त्यांना सफरचंदाच्या फोडी घातल्या होत्या. प्राध्यापकांनी विचारलं, "हात घालून बघायचंय?" मला नव्हतं बघायचं. लेकीने बाही वर सारली. एक झुरळ मनगटावरून थेट कोपरापर्यंत चालत गेलं.

"बाबा, ही पायांवर उभी असतात," ती म्हणाली. "आपल्याकडे मी उताणीच बघितलीत."

तिचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

उरलं वसतिगृह. वॉर्डनबाईंनी दाखवलेल्या रिकाम्या खोलीत मी गादी उचलली, शिवण ताणली, बॅटरी मारली. काळे ठिपके. ढेकूण, तेही पिढीजात. ढेकूण बघून इतका आनंद मला धंद्यात कधी झाला नव्हता. गादी गुपचूप खाली ठेवली. लेक खिडकीशी उभी होती. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, खोली कशी आहे? खरं सांगा."

लेक वळून माझ्याकडे बघायला लागली. गादीत ढेकूण आहेत, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"बावीस वर्षं हेच करतोय."

फोन ठेवल्यावर लेक शांतपणे म्हणाली, "शिवणीत ठिपके आहेत. तुम्ही वॉर्डनबाईंशी बोलत होतात तेव्हाच बघितले मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं."

मी गादीकडे बघत बोललो. "बाईंना सांग, गाद्या उन्हात टाका. फवारणी मी स्वतः करीन, फुकट. पण ढेकूण म्हणजे चिवट जात. वर्षभर दर महिन्याला मला इथे यावं लागेल."

"या," ती म्हणाली.

खरं तर दोन फवारण्यांत जातात. पण ते तिला अजून शिकवलेलं नव्हतं.