पोळ्याला फिरलेलं चाक

आमचे मालक नांदेडच्या जिनाला कापूस घालायला गेले अन् येताना डोक्यात चाक घेऊन आले. जिनातलं इंजन बंद केलं तरी त्याचं थोरलं चाक घडीभर फिरत राहिलं, ते ह्यांनी बघितलं. मग काय, नीट बसवलं तर असलं चाक जन्मभर फिरंल, असं ह्यांच्या मनानं घेतलं. घरात पाय ठेवायच्या आधीच मला म्हणाले, "अगं, आता बैलाची गरज सरली."

बैल म्हणजे आमचे तांबड्या अन् हरण्या. लाल कंधारी जोडी, माझ्या माहेरच्या गाईच्या पोटची. वासरं होती तवा मी त्यांना माझ्या हातानं ताक पाजलंय. अन् हा माणूस भोकरच्या भुजंगरावांना जोडी द्यायचा शब्द देऊन आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते घेऊन जाणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अन् मळ्याला पाणी कोण देणार?"

"पाणीच पाणी देणार," म्हणाले. विहिरीवर रहाट बसवायचा. रहाटाची मडकी वरच्या हौदात पाणी ओतणार. हौदातलं पाणी दुसऱ्या चाकावर पडणार, त्यानं ते चाक फिरणार. त्याच्या जोरानं रहाट फिरणार, की पुन्हा मडकी वर. "एकदा धक्का दिला की झालं. अन् उरलेलं पाणी मिरचीला."

"उरलेलं कुठनं येणार? जेवढं खाली पडलं तेवढंच वर चढलं तरी लई झालं."

"तुला काय कळतंय यातलं?"

मला शाळा न्हाई, पण जातं हाय. मी त्यांना जात्यापाशी बसवलं अन् म्हटलं, द्या एक हिसका अन् सोडा हात. दिला. जातं दीड फेरा फिरून थांबलं. मग मी सकाळभर दळून राहिले होते ते पीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. "कसं लागतं?"

"गरम."

"मी सकाळपासनं लावलेला जोर त्यात गेलाय. जातं घरघरतं, त्यातबी जोरच जातो. तुमचं चाकबी कुरकुरणार, त्याचा आस तापणार. रोज थोडा थोडा जोर असा सांडला तर परत भरणार कोण?"

"एरंडेलाचं वंगण घालू," म्हणाले. वंगणानं चाक उशिरा थांबतं, थांबायचं काय राहत न्हाई, हे सांगून माझी जीभ झिजली. गावचा रेवणसिद्ध सुतार तर त्यांच्यापुढं दोन पावलं. "तारामतीकाकू, चाक मोठं केलं की जमतंय," म्हणायचा. मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. मालकांनी कंधारच्या तहसिलीपुढल्या अर्जीनवीसाकडनं हैदराबादला सरकारात पाठवायची उर्दू अर्जीबी लिहून आणली, चाक खुद-ब-खुद, म्हंजे आपोआप, चालतंय म्हणून. चाक अजून चाललंच नव्हतं.

मुहूर्त धरला पोळ्याचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं न्हाई, म्हणून म्हणाले, आजच दिसू दे गावाला. आदल्या दिवशी तांबड्या-हरण्यानं मोट ओढून हौद काठोकाठ भरला. सांजेला मी त्यांचे खांदे तूप-हळदीनं मळले अन् रीतीप्रमाणं म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पुढच्या साली हे कोणाच्या दारात जेवणार, हेच मनात येत होतं.

पोळ्याला सगळं गाव विहिरीवर. भुजंगरावबी आले. मालकांनी हौदाच्या भोकाचा बोळा काढला, धक्का दिला, अन् चाक फिरायला लागलं की! मडकी वर येऊ लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात पूजेचं ताट होतं. हौदात पाणी होतं तिथं मी भिंतीवर कुंकवाचं बोट ओढलं.

थोड्या वेळानं पाणी बोटाच्या वीतभर खाली. मग हातभर. आदल्या दिवशी बैलांनी भरलेलं पाणीच चाक खाऊन राहिलं होतं. मडकी निम्मं सांडत निम्मं वर आणत होती. पाणी तळाला गेलं तसं चाक कण्हत कण्हत थांबलं.

"नुसता हात लावतो," म्हणत मालकांनी रहाटाची दांडी धरली. चाक फिरलं. हात काढला, थांबलं. मग खांदा लावला. रेवणसिद्ध म्हणाला, "एक फेरा आणखी, शेषेरावकाका, आता लागतंय ते." असे किती फेरे झाले देव जाणे. ऊन डोक्यावर आलं. अंगावर झुली, शिंगांना बेगड लावलेले तांबड्या अन् हरण्या लिंबाखाली पुरणाच्या पोळ्या खात उभे, अन् रहाटाला माझा नवरा.

भुजंगराव म्हणाले, "शेषेराव, बैलाला सुट्टी दिली ते ठीक. तुमच्या सुट्टीचा दिवस कंचा?"

लोक हसले. मीबी हसले, अन् लगेच मला त्यांची लई कीव आली.

घरी येऊन मालक गोठ्यात दावणीपाशी बसले. जेवायला उठेनात. सदरा खांद्याला चिकटला होता, आत कातडं सोललेलं. कालची तूप-हळदीची वाटी कोनाड्यात होती. मी ती घेतली, त्यांच्यामागं बसले अन् खांदा मळू लागले.

मळून झाल्यावर मी म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

त्यांनी हरण्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आज ओढलंय मी. आजच जेवलो तर?"

"आज फक्त ह्या घरच्या बैलांना वाढून राहिले मी. हे दोघं कोणाच्या घरचे, ते आधी सांगा."

मालक उठले. ओसरीवर मुक्कामाला आलेले भुजंगराव हातपाय धूत होते. त्यांच्यापुढं जाऊन म्हणाले, "माफ करा. शब्द माघारी घेतो. जोडी द्यायची न्हाई."

"ते मी दुपारीच समजलो," भुजंगराव म्हणाले.

मालक परत आले अन् तांबड्याशेजारी मांडी घालून बसले. मी तिघांना वाढलं.