ओव्हर घ्यायला कोणी नाही

पंचशीलाची ड्युटी केव्हाच संपली होती, पण ओव्हर घ्यायला कोणी आलं नव्हतं. आयसीयूचा रिवाजच असा, की पुढच्या सिस्टरला खाटेपाशी उभं करून पेशंट समजावून द्यायचा. ती ‘घेतला’ म्हणाली की मगच पाय उचलायचा. आज म्हणणार कोण? पुढच्या पाळीच्या पायलने सकाळी मेसेज टाकून दिला होता, ‘दीदी, सॉरी, आयर्लंडचं तिकीट आलंय.’ भाईंदर पश्चिमेच्या त्या एवढ्याशा हॉस्पिटलात तयार झालेल्या पोरी अशा एकेक करून उडाल्या होत्या, आणि नव्या भरतीच्या जाहिरातीला कुत्रं विचारत नव्हतं.

पंचशीलाला पायलचा संताप आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. थोड्याच वेळात तिचीही मुलाखत होती, मोबाइलवर, जर्मनीच्या हॉस्पिटलशी. वर्षभर बेव्हर्ली पार्कच्या क्लासला जाऊन तिने ती भाषा घोटली होती. घरी जाऊन, चांगला ड्रेस घालून शांतपणे बसायचं ठरलं होतं. आता कसलं घर आणि कसला ड्रेस!

खाटेवर कोंडिराम व्हेंटिलेटरच्या नळीतून श्वास घेत होते. त्यांची बायको भीमाबाई दारातून डोकावली.

“सिस्टर, निघालात व्हय?”

“नाही आजी, आहे मी.”

“मग मला घोर न्हाई.”

सगळा घोर पंचशीलाच्या वाट्याला आला होता. तिने हातमोज्यांच्या खोक्याला मोबाइल टेकवला आणि केस सारखे केले. पडद्यावर एक चष्मेवाली बाई आली. पहिले दोन प्रश्न निभावले. मग बाईने विचारलं, “महत्त्वाचं काम चालू असताना पेशंट अचानक बिघडला तर काय कराल?”

पंचशीलाने तोंड उघडलं आणि मागे मशीन किंचाळलं. कोंडिरामांचा ऑक्सिजन भराभर उतरत होता. ती ‘एक्सक्यूज मी’ म्हणायलाही थांबली नाही. नळीत कफ अडकला होता. “काका, घाबरू नका, झालं, झालं,” म्हणत तिने तो मशीनने खेचून काढला. आकडा हलेना. मग तो सावकाश चढू लागला, आणि तेव्हा कुठे तिने हातमोजे उतरवले.

मुलाखत गेलीच, असं धरून ती परत आली. पण बाई पडद्यावर तशीच बसून होती. तिने सगळं पाहिलं होतं.

“उत्तर मिळालं,” ती म्हणाली. “लवकरात लवकर कधी येऊ शकाल?”

इतकं हवं होतं ते मिळालं, आणि पंचशीलाला धड हसता येईना. तेवढ्यात दार किलकिलं झालं.

“सिस्टर, उद्या बी तुमीच ना?”

“हो आजी. उद्या मीच.”

मग मोबाइलकडे वळून तिने पुढचा महिना सांगितला. भीमाबाईला जर्मन कळणार नव्हतं, तरी पंचशीलाचा आवाज आपोआप खाली आला.